आप्पासाहेबांच्या बाटलीशेजारी

“नव्या नवरीचे हात आहेत ते. घाम सुटतो, बांगड्या वाजतात, निम्मं लक्ष नवऱ्याकडं. एवढ्या खेपेला नमुना बिघडू दे, मग तिला घरी बसवू. सहादेव, पुढं तूच कर.”

थंड खोलीचं दार नीट लागत नाही, हे ढोकणे सरांना माहीत असायला हवं होतं. केंद्र त्यांच्याच ताब्यात आहे. दाराबाहेर विजयमाला उभी होती आणि तिच्या हातात मी होते. ते बोलणं तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी तर नव्हतंच. तिची बोटं माझ्या मानेभोवती आवळत गेली. आत सहादेव हसला, “व्हय सर. म्यां कदीचा म्हनतोय.”

ती आत गेली नाही. चप्पल न वाजवता परत आपल्या टेबलाशी आली आणि मला ठेवून दिलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. फक्त पेन्सिलीला टोक काढत बसली, टोक आधीच काढलेलं असताना.

मी एक प्लास्टिकची बाटली बोलतेय. दुधी रंगाची, रुंद तोंडाची, निळ्या झाकणाची. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुतेक सोशिक असतात, माणसांनी टाकून दिलं तरी त्यांचं भलं चिंततात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेली आहे आणि ते झाकण उघडून सांगणार आहे.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. पांढरे दाणे वितळवले, साच्यात घातले, हवा फुंकली, झाले मी. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात बरेच दिवस फळीवर होते. गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं, टिचकी मारायचं आणि म्हणायचं, “प्लास्टिक होय? काचेची दाखवा.” माणसांना टिचकी मारल्यावर नाद आला म्हणजे वस्तू खानदानी वाटते. माझ्यातून टप् असा आवाज येतो. त्याला मी काय करू?

विजयमालाने मला घेतलं ते टिचकी न मारता. झाकण उघडलं, आत पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, “हीच द्या.” लग्न होऊन दोन-तीन महिने झाले असतील. संगमनेरची मुलगी, एम.एस्सी. झालेली, राहुरीजवळच्या गावात दिलेली. बोलायची कमी. बसमध्ये मांडीवर घेऊन तिने मला आणलं, तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, “बाळाची बाटली का?” विजयमाला म्हणाली, “नाही, माझी.”

तिचं काम जिथं चालतं ते केंद्र मुळा धरणाच्या कालव्याकाठी आहे. कालवाकाठ पीकरोग संशोधन केंद्र. भागातल्या मोसंबीच्या बागांत एक रोग आला आहे. झाडं खुजी राहतात, बुंध्याची साल तडकते. हा रोग म्हणजे आरएनएचा एक इवलासा तुकडा, बाकी काहीच नाही. हा नेमका कुठल्या जातीचा, हे ओळखायचं तर त्याचे बारीक तुकडे करायचे आणि एकेका तुकड्याचं वजन काढायचं. वजन काढणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, पुण्यातल्या एका संस्थेत आहे. नमुना इथं तयार करून बर्फात घालून तिकडं पाठवायचा.

आणि नमुना बिघडत होता. खेपेमागून खेप.

पुण्याहून येणाऱ्या कागदावरच्या आलेखात सुट्या सुट्या टोकदार शिखरांऐवजी एक थोराड उंचवटा यायचा, कुणी गोधडीखाली झोपल्यासारखा. ढोकणे सर तो कागद सगळ्यांसमोर धरायचे आणि बघायचे विजयमालाकडे.

हे का होतं ते मला तिच्या घरीच कळलं. कारण ती मला रोज घरी न्यायची. नाइलाज होता. एकदा मला केंद्रात ठेवून ती जेवायला गेली, तर सहादेव मला जीपच्या बॅटरीत पाणी घालायला घेऊन गेला. सहादेव केंद्रातला जुना सहायक. परत आणून ठेवताना म्हणतो कसा, “मॅडम, बाटली झ्याक हाय. आमच्या गावात सकाळी रानात जायाला असलीच लागती.” दोघेतिघे फिदीफिदी हसले. विजयमालाने मला उचललं, आम्लाने धुतलं, मग शुद्ध पाण्याने खळखळून धुतलं, पुन्हा धुतलं, आणि त्या दिवसापासून पिशवीत घालून घरी.

घरी तिच्या सासूबाई, बनाबाई. त्यांनी मला उजेडात धरून फिरवलं. “चांगली हाय गं. गोडंतेल भरून ठिवू.”

“नको आई. हिच्यात तेल गेलं तर माझं काम गेलं.”

“काम काम. आगं तुमी तिथं दिसभर करता तरी काय?”

विजयमाला चुलीपाशी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “वजन करायचा माल तयार करते. आई, कारखान्याच्या काट्यावर उसाची बैलगाडी जाते ना? समजा, वाटेत त्या गाडीवर पोरं बसली. कधी एक, कधी तीन, कधी सात. ती तशीच काट्यावर गेली तर?”

“तर काय, उसाचं वजन खोटं लागायचं.”

“आणि दर गाडीचं वेगळं लागायचं. आमच्या आरएनएचं तसंच होतंय. त्याच्या अंगाला मिठातला सोडियम चिकटतो. कुठल्या तुकड्याला एक, कुठल्याला चार. मग एकाच तुकड्याची दहा वजनं दिसतात, सगळी एकमेकांत मिसळून. म्हणून सोडियमच्या जागी मी अमोनियम बसवते.”

जालिंदर, तिचा नवरा, दूध शीतकरण केंद्रातून नुकताच आला होता, पाय धूत होता. “मग अमोनियमचं वजन नाही का लागत?”

“तो गाडीत बसतो, पण काटा आला की आपण होऊन उतरतो. वजनाच्या यंत्रात लेझरचा झोत पडला की अमोनिया होऊन उडून जातो.”

“शहाणा पाव्हणा हाय,” बनाबाई म्हणाल्या. “आपल्याकडं एक असा येत न्हाई.”

जालिंदर एवढ्या जोरात हसला की तांब्या पडला. विजयमाला पण हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. केंद्रात ती हसत नसे.

तर अमोनियम बसवण्याचं काम तिने मनापासून केलं होतं. आरएनए अल्कोहोलमध्ये खाली बसवताना सगळीकडे सोडियमचं मीठ घालतात. ढोकणे सरांची सगळी कारकीर्द त्यावर गेली. तिने ते बदलून अमोनियमचं घातलं. सर कुरकुरले, पण तिने परदेशी मासिकातला लेख दाखवला तेव्हा गप्प बसले. मग तिने बारीक मणी आणले, साबुदाण्याहूनही कितीतरी बारीक. त्यांच्यावर आधीच अमोनियम बसवलेला असतो. नमुना त्यांच्यात घोळला की मणी सोडियम ओढून घेतात आणि अमोनियम देतात. तेही सरांनी चालवून घेतलं. उंचवटा थोडा बसला. शिखरांची टोकं वर डोकावायला लागली. पण गोधडी काही पुरती निघेना.

आता उरलं पाणी. आणि पाण्यापाशी आमचा सगळा जळफळाट सुरू झाला.

केंद्रात शुद्ध पाणी एकाच बाटलीत ठेवायची पद्धत आहे. आप्पासाहेबांच्या. आप्पासाहेब म्हणजे केंद्राचे संस्थापक, आता हयात नाहीत. पत्र्याच्या खोलीत काम सुरू केलं तेव्हा त्यांच्याजवळ ही एकच बाटली होती म्हणतात. जाड, हिरवट काच, खांद्यावर एक बुडबुडा अडकलेला. केंद्र पक्क्या इमारतीत आलं, फ्रीज आले, नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज आलं, पण महत्त्वाच्या कामाचं पाणी त्याच बाटलीतलं. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते तेव्हा पहिलं कुंकू तिला. दुसऱ्या दिवशी सहादेव ते पुसतो आणि पाणी भरतो. बाटली भट्टीत भाजायची, मग पाण्यासकट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या कुकरमध्ये, उकडायची. कारण माणसाच्या हातावर आरएनए तोडणारी द्रव्यं असतात आणि ती सहजासहजी मरत नाहीत.

विजयमाला पुण्याला नमुना द्यायला गेली होती तेव्हा त्या यंत्राच्या टेबलावर एकही काचेची बाटली नव्हती. तिथल्या भारती मॅडमना तिने विचारलं तर त्या म्हणाल्या, “आम्ही इथं काच ठेवतच नाही.” घाईत होत्या, पुढं बोलल्या नाहीत. विजयमाला जिने उतरेपर्यंत विचार करत होती आणि थेट माझ्या दुकानात आली. काचेतच सोडियम असतो. ती पाण्यात त्याला थोडा थोडा सोडत राहते. आणि गरम केली की जास्तच सोडते. म्हणजे सहादेव भक्तिभावाने जितकं उकडत होता तितकं पाणी खारं होत होतं. जिभेला कळणार नाही, पण आरएनएला कळतं.

हे तिने सरांना सांगितलं होतं. खालच्या आवाजात, सभ्यपणे, मला पुढं ठेवून.

“प्लास्टिक?” सर म्हणाले. त्यांनी मला टिचकी मारली. “काच भाजता येते. हिला भाजून दाखवा. चटणी होईल.”

“भाजता येत नाही सर, पण उकडता येते. आणि सर, हातामुळं आरएनए तुटला असता तर तुकडे हलके दिसले असते. आपले जड दिसतायत. सोडियमच्या वजनाइतके जड.”

सरांनी क्षणभर कागद पाहिला. मला वाटलं, पटलं. मग चष्मा काढून म्हणाले, “घामात काय असतं विजयमालाबाई? मीठच ना?”

सहादेव मोठ्याने हसला. “सर, येकदम बरुबर!”

त्या हसण्यावर माझा राग अजून तसाच आहे. माणसांची ही तऱ्हा मी फळीवरून, पिशवीतून, टेबलावरून पाहिली आहे. जी वस्तू पूज्य, तिच्यात दोष असूच शकत नाही. मग दोष जवळच्या नव्या माणसात शोधायचा. बाटली जुनी, तेव्हा ती निर्दोष. सून नवी, तेव्हा तिचे हात खारट. सरांचे हात काय गुळाचे आहेत? सहादेव तंबाखू मळून सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडतो. त्याच्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. विजयमाला हातमोज्यांवर हातमोजे घालून काम करते, तर म्हणे बांगड्या वाजतात. वाजेनात! नमुना काय झोपलाय, जागा होईल?

विजयमालाने मला उचललं आणि ती आपल्या टेबलाकडे वळली. मला तिचाही राग आला. बोल ना, मी झाकणाआडून म्हणत होते, बोल. पण बाटलीचं कोण ऐकतं.

यानंतर चार दिवसांनी आम्ही दोघींनी थंड खोलीच्या दाराबाहेर ते ऐकलं, जे मी सुरुवातीला सांगितलं. म्हणजे आता प्रश्न पाण्याचा राहिला नव्हता. हा नमुना बिघडला की तिची जागा जाणार होती. आणि नमुना त्याच बाटलीतल्या पाण्यात करायचा, असा सरांचा हुकूम होता. तो बिघडणार हे ठरलेलंच होतं.

त्या संध्याकाळी घरी जालिंदर तिला म्हणाला, “गप का आज?”

“गप तर रोजच असते.”

“रोजची गप वेगळी. ही वेगळी.”

तिने सांगितलं. सगळं नाही, अर्धं. तो तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, “आमच्याकडं दुधाचं असं भांडण झालं की एकाच कॅनचं दूध दोन भांड्यांत काढतो. काढणारा तोच. मग म्हणून दाखव म्हणावं, काढणाऱ्याचा हात खराब.”

विजयमालाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा लाजला. “मी हेच करायचं म्हणत होते,” ती म्हणाली. “पण नमुना तेवढाच आहे. दोन केले तर दोन्ही अर्धे. अर्ध्यात शिखर दिसलंच नाही तर मी दोन्हीकडून गेले.”

“आणि नाही केले तर?”

“नाहीतर एकीकडून गेलेच आहे.”

आतून बनाबाई ओरडल्या, “आन् घट बसायच्या दिशी घरी ये म्हंजे झालं! पयलं नवरात हाय तुजं!”

दुसऱ्या दिवशी तिने नमुन्याचे दोन भाग केले. पाणी एकच, शुद्धीकरणाच्या यंत्राच्या नळाचं. भांडी दोन. एक आप्पासाहेबांची बाटली, सहादेवने भाजून, भरून, उकडून दिलेली. दुसरी मी. मला तिने स्वतः उकडलं. ऑटोक्लेव्हमध्ये मी त्या बाटलीशेजारीच होते, एकाच वाफेत. खरं सांगते, तिचा मला राग आला नाही. ती बिचारी जुनी काच, तिचा गुण तिच्या अंगात. तिला देव कुणी केलं?

मग विजयमालाने एकामागून एक सगळं केलं. मीठ अमोनियमचं, अल्कोहोल थंडगार, वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं, तळाशी डोळ्यांना जेमतेम दिसणारा पांढरा ठिपका. तो पुन्हा थंड अल्कोहोलने धुवायचा. मग मणी, मग हलक्या हाताने घोळवणं. पहिल्या भागासाठी सगळी द्रावणं त्या बाटलीच्या पाण्यातली. दुसऱ्यासाठी सगळी माझ्या. हातमोजे तेच, श्वास तोच. बांगड्या तिने एकदाही कोपराकडे सारल्या नाहीत. वाजल्या तर वाजल्या.

दोन नळ्यांवर तिने फक्त ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं. कुठलं काय, ते कुणाला सांगितलं नाही. सरांनी विचारलं तर म्हणाली, “एक राखीव आहे सर.”

पुण्याला डबा गेला. घट बसले. ती घरी वेळेवर गेली, माळ वाहिली, उपवास केला, धान्याला पाणी घातलं. पाणी घालताना तांब्याकडे बघत उभी राहायची. बनाबाई जालिंदरला म्हणाल्या, “पोरीला दिष्ट लागली.” आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मीठ पाहून विजयमाला इतकी हसली की सासूबाई घाबरल्या.

आज खंडेनवमी. सकाळीच पुण्याहून फॅक्स आला.

मी आत्ता हे सांगतेय ते केंद्राच्या मोठ्या खोलीतून, विजयमालाच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर आप्पासाहेबांची बाटली, गळ्यात झेंडूचा हार. सेंट्रिफ्यूजला कुंकू. पेढ्यांचा खोका. सगळे जमलेत. ढोकणे सरांनी फॅक्सचा कागद वर धरलाय आणि त्यांचा चेहरा फुललाय.

“बघा! ‘अ’मध्ये नेहमीचंच रडगाणं. पण ‘ब’ बघा. एकेक शिखर सुटं! आरपार! रोग कुठला ते आता नावानिशी सांगता येईल. भारती मॅडमनी खाली लिहिलंय, इतका स्वच्छ नमुना बाहेरून कधी आला नव्हता.” टाळ्या. सरांनी बाटलीला हात जोडले. “मी म्हणत होतो, पाणी आप्पासाहेबांच्याच बाटलीतलं घ्या, काळजी घ्या. ह्या खेपेला ऐकलंत, तर बघा. पुण्याई म्हणतात ती ही.”

“व्हय तर!” सहादेव म्हणाला. “म्यां सोता भाजली हुती.”

मी पिशवीत थरथरले. विश्वास ठेवा, प्लास्टिक थरथरतं.

सर पुढं बोलतच होते. “आता पद्धत बसली. शोधनिबंधावर नावं माझं आणि सहादेवचं, तुमचे आभार मानूच. पुढचे नमुने सहादेव करेल. विजयमालाबाई, त्याला एकदा सगळं दाखवून द्या आणि मग जरा घराकडं बघा. नवीन संसार आहे तुमचा.” किती मायेने म्हणाले! पेढाही पुढं केला.

वाचणाऱ्यांनो, माझी एकच मागणी आहे. तुमच्या घरात, कचेरीत, शाळेत काही बिघडलं की सगळ्यात नव्या माणसाच्या हातांकडे बघायच्या आधी सगळ्यात जुन्या भांड्याच्या तळाकडे बघा. हार काढून बघा. एवढं कराल तर मला रानात नेलंत तरी माझी तक्रार नाही.

विजयमालाने पेढा घेतला नाही. तिने पिशवीतून मला बाहेर काढलं, पांढऱ्या चादरीवर ठेवलं, हाराला धक्का न लावता, अगदी त्या बाटलीच्या शेजारी. खोलीत कुणीतरी “आं?” म्हणालं.

“सर,” ती म्हणाली. आवाज तोच, खालचा. पण आज मागच्या रांगेपर्यंत गेला. “आप्पासाहेबांच्या बाटलीतल्या पाण्याचा नमुना ‘अ’ आहे. ‘ब’ ह्या बाटलीतला आहे. दोन्ही मीच केले, एकाच दिवशी, एकाच हातांनी.”

सरांनी कागदाकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे. पेढा हातातच राहिला.

“मॅडम, सणाच्या दिशी देवाचा अपमान करू नगा,” सहादेव म्हणाला.

“अपमान नाही, सहादेवभाऊ. तिला मी रोज नमस्कार करीन. तिच्यातलं पाणी घेणार नाही.” मग ती सरांकडे वळली. “आणि हे मी कुणाला दाखवून देणार नाही. पुढचे नमुने मी करीन, माझ्या बाटलीत, आणि निबंधावर पहिलं नाव माझं येईल. जमत असेल तर उद्यापासून काम सुरू. जमत नसेल तर आत्ताच सांगा. मी बाटली घेऊन जाते, तुम्ही ‘अ’ पाठवत राहा.”